वृत्तपत्रांतील खळबळ आणि वाचकांचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. ज्या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तेथून शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी रूढी आहे. परंतु उभा जन्म फळ्यापाशी घालविल्यानंतर आम्हांस असे वाटू लागले आहे की, मूल वाचावयास शिकले म्हणजे शिक्षकाचे निम्मे काम झाले. ते काय वाचते आणि वाचून कोणाविषयी काय मत बनविते, हे पाहणे उरलेले निम्मे काम होय, आणि ते घराने व समाजाने करावयाचे आहे. म्हणून वृत्तपत्रांतून येणाऱ्या खळबळजनक व हृदयस्पर्शी कहाण्या आणि त्या वाचणारे आपण, हा विषय आम्ही निवडला आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आम्ही पत्रकार नव्हे, कायदेपंडितही नव्हे. तथापि रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडणाऱ्या वाचकास त्याविषयी बोलण्याचा जेवढा अधिकार पोहोचतो, तेवढा आम्हांसही आहे असे मानून बोलतो.

दुसऱ्याच्या सुखदुःखाची हकीकत ऐकण्याची आवड ही मुळात वाईट खोड नव्हे. कीर्तनात हरिश्चंद्र-तारामतीचे आख्यान रंगात आले म्हणजे आपल्या आजीच्या डोळ्यांस पदर लागे. त्या अश्रूंनी मन मऊ होई, आणि मऊ झालेल्या मनाने माणूस घरी जाऊन शेजाऱ्याशी थोडा बरा वागे. पण कीर्तन आणि वर्तमानपत्र यांत एक मोठा भेद आहे. हरिश्चंद्राचे आख्यान ऐकून कोणी त्याच्या घरी डोकावावयास जात नाही. वर्तमानपत्रात जिची कहाणी येते ती बाई मात्र पलीकडच्याच आळीत राहत असते. दुसऱ्या दिवशी तिला पिशवी घेऊन भाजी आणावयास जावे लागते, आणि तिच्या मुलाला शाळेत आपल्या बाकावर बसावे लागते. आख्यान संपते, आरती होते, मंडळी घरी जातात; बातमीतील माणूस मात्र तेथेच राहतो. आजच्या आमच्या सर्व विवेचनाचा पाया एवढ्या एका भेदावर आहे.

प्रथम या प्रकारच्या वृत्तपत्रांचा उगम पाहू. आपल्या महाराष्ट्रात ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईस ‘दर्पण’ सुरू केले. एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी असा मजकूर देणारे ते पत्र ज्ञानप्रसारासाठी निघाले होते, आणि १८४० साली ते बंद पडले. ‘दर्पण’ निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी, ३ सप्टेंबर १८३३ रोजी, अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी बेंजामिन डे या मुद्रकाने ‘सन’ नावाचे दैनिक काढले. इतर पत्रे सहा सेंटला मिळत, याने आपले पत्र एका सेंटला विकले. एवढ्या किमतीत कागदाचाही खर्च कसा निघावा? डे याचा हिशेब निराळा होता. पत्र स्वस्त केले की वाचक वाढतील, वाचक वाढले की जाहिरातदार येतील, आणि खर्च त्यांच्याकडून निघेल. आता हमाल, शिंपी, दुकानातील नोकर असे वाचक मिळवावयाचे तर बंदराच्या भावांची कोष्टके देऊन काय उपयोग? म्हणून त्याने पोलीस कोर्टात बातमीदार बसविला. कोणी दारू पिऊन बायकोस मारले, कोणी कोणाची घोंगडी पळविली, अशा हकीकती चुरचुरीत भाषेत छापून येऊ लागल्या आणि पत्राचा खप झपाट्याने वाढला.

पुढे १८३५ च्या ऑगस्टमध्ये याच पत्राने सहा लेखांची माला छापली. सर जॉन हर्शेल या विख्यात ज्योतिषशास्त्रज्ञास मोठ्या दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसली, असे तीत वर्णन होते. हर्शेल त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत वेध घेत होते. त्यांना या गोष्टीची वार्ताही नव्हती. सर्व बनावट होते. ते उघडकीस आल्यावर वाचक पत्रावर बहिष्कार घालतील असे कोणासही वाटेल, पण तसे झाले नाही. लोक हसले आणि पत्र घेत राहिले. त्या वेळेपासून वृत्तपत्रांच्या धंद्यास एक गोष्ट कळून चुकली: गोष्ट खोटी असली तरी वाचक रागावत नाही, ती कंटाळवाणी असली म्हणजे मात्र रागावतो. बंधुभगिनींनो, हा दोष केवळ छापणाऱ्याच्या पदरी टाकता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हा परदेशातील धंदेवाइकांचा प्रकार झाला. सद्‌हेतूने पत्र चालविणाऱ्यांचे असे होत नाही. म्हणून आपल्याकडील अत्यंत आदरणीय नावे असलेले एक उदाहरण देतो. १८८१ साली पुण्यात ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादक आगरकर होते व ‘मराठा’चे टिळक. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा वेडाच्या निमित्ताने छळ होत आहे, या वार्तेने त्या वेळी सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता. अशा वेळी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्या म्हणून सांगितलेल्या काही पत्रांचा आधार घेऊन या दोन पत्रांनी त्यांच्यावर कडक आरोप केले. बर्वे यांनी बेअब्रूचा खटला भरला, आणि ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी दर्शविली. तथापि खटला चालला आणि जुलै १८८२ मध्ये दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. याच प्रकरणात महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन भरला होता. मतभेद आणि जातिभेद बाजूस ठेवून केलेले ते साहाय्य आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी तत्कालीन अहमदनगर येथे गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर त्या दुर्दैवी महाराजांचा अंत झाला. म्हणजे महाराजांविषयीची चिंता निराधार नव्हती. पण चिंता खरी होती म्हणून पत्रे खरी ठरली नाहीत. आपल्या मनात आधीच जे दुःख किंवा जो संताप असतो, त्यास तंतोतंत जुळणारा कागद समोर आला म्हणजे तो पारखून पाहण्याची बुद्धी भल्याभल्यांस होत नाही. टिळक-आगरकरांचे मोठेपण असे की, चुकीची किंमत त्यांनी स्वतः तुरुंगात जाऊन मोजली. आजच्या कहाण्यांत चूक निघाली तर किंमत कोण मोजते? बहुधा ज्याच्याविषयी लिहिले तोच.

आता हृदयस्पर्शी म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्याकडे वळू. १९२५ च्या ३० जानेवारीस अमेरिकेतील केंटकी प्रांतात फ्लॉइड कॉलिन्स नावाचा एक मनुष्य गुहा शोधीत असता जमिनीखालच्या अरुंद भेगेत अडकला; त्याच्या पायावर दगड पडला होता. विल्यम मिलर नावाचा एक तरुण बातमीदार तेथे पोहोचला. तो अंगाने लहानखुरा होता, म्हणून त्या भेगेतून सरपटत थेट कॉलिन्सपर्यंत जाऊ शकला. तो एकदा नव्हे, अनेकदा आत गेला. त्याने त्या माणसाच्या तोंडात अन्न घातले, त्याच्याशी बोलला, त्याला सोडविण्यासाठी हातांनी खटपट केली, आणि बाहेर येऊन जे पाहिले ते लिहिले. ती बातमी देशभर छापून आली. मिलरला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. इकडे त्या बातम्या वाचून गुहेच्या तोंडाशी हजारोंचा मेळा लोटला. फुगेवाले आले, खाद्यपदार्थांच्या गाड्या आल्या, चोरून दारू विकणारेही आले. खाली माणूस मरत होता आणि वर जत्रा भरली होती. गुहेची वाट मध्येच ढासळली, बाजूने विवर खणावे लागले, आणि १६ फेब्रुवारीस माणसे खाली पोहोचली तेव्हा कॉलिन्सचा प्राण गेलेला होता.

या एकाच घटनेत आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. दुःखी माणसाजवळ सरपटत जाऊन त्यास घास देणारा बातमीदारच होता. आणि त्याच्याच बातमीने जत्रा भरली. तेव्हा कहाणी सांगणे वाईट की चांगले, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती वाचून आपण गुहेत हात घालतो की बाहेर फुगे घेतो, एवढेच विचारावयाचे.

आपल्या देशातही २००६ च्या जुलैमध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा एक मुलगा कूपनलिकेच्या उघड्या विवरात पडला. दोन दिवसांहून अधिक काळ सर्व वाहिन्यांनी ते दृश्य अखंड दाखविले. सैन्याच्या जवानांनी शेजारून भुयार खणून त्याला सुखरूप वर काढले, तेव्हा देशभर घरोघर आनंद झाला; तो आनंद खरा होता. पण कॅमेरे निघून गेले आणि देशातील उघडी विवरे उघडीच राहिली. त्यानंतरही मुले त्यांत पडत राहिली. शेवटी २०१० साली सर्वोच्च न्यायालयास, अशी विवरे कोणी, कशी व केव्हा बुजवावीत, याचे नियम घालून द्यावे लागले. सांगण्याचे तात्पर्य असे की, कहाणीने आपणांस मुलगा दाखविला, विवर दाखविले नाही. कहाणी एका माणसावर प्रकाश टाकते, आणि त्या प्रकाशाने डोळे दिपले म्हणजे आजूबाजूचे कारण अंधारात राहते.

हे ज्यांनी टाळले असे पत्रकारही आहेत. पी. साईनाथ यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत हिंडून वार्तापत्रे लिहिली. १९९६ साली त्यांचे पुस्तक झाले, आणि ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने ते मराठीतही आले. त्यात माणसांच्याच कहाण्या आहेत. पण प्रत्येक माणसाच्या पाठीमागे शाळा का चालत नाही, पाणी का पोहोचत नाही, कर्ज कसे वाढते, हेही उभे आहे. वाचून झाल्यावर त्या माणसाची नुसती कीव येत नाही. आपण ज्या व्यवस्थेत राहतो तिची लाज वाटते. मनुष्याची कहाणी सांगण्याची योग्य रीत ही आहे.

आता ज्या प्रकरणासाठी आम्ही हा विषय मुद्दाम या व्यासपीठावर आणला, त्याकडे येतो. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी प्रेम अहुजा या गृहस्थांस त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. आपल्या पत्नीचे अहुजांशी संबंध असल्याचे त्यांस त्याच दिवशी पत्नीकडून कळले होते. नंतर ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. रूसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने हे प्रकरण उचलून धरले. शूर, देशभक्त, फसविला गेलेला पती, भोळी पत्नी, आणि दुसऱ्याचा संसार मोडणारा विलासी श्रीमंत, अशी तीन पात्रे त्याने वाचकांपुढे उभी केली. चार आण्यांचा अंक बाजारात दोन रुपयांस विकला गेला. रस्त्यावरील फेरीवाले ‘नानावटी पिस्तूल’ आणि ‘अहुजा टॉवेल’ असे ओरडून खेळणी व टॉवेल विकू लागले. पुन्हा जत्राच!

या तिघांपैकी एक जण मेलेला होता, त्यास स्वतःविषयी काही सांगता येत नव्हते. पण कहाणीस खलनायक हवा होता आणि मेलेल्या माणसाइतका सोयीचा खलनायक दुसरा मिळत नाही. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांस तो निर्णय पुराव्याशी विसंगत वाटला, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे नानावटी दोषी ठरले व त्यांस जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाने घड्याळाकडे पाहिले. नानावटी दुपारी दीड वाजता घरून निघाले, पत्नीस व मुलांस चित्रपटगृहाशी सोडले, जहाजावर जाऊन पिस्तूल व गोळ्या घेतल्या, अहुजांच्या कचेरीत गेले, तेथून घरी गेले, आणि खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. मनावर ताबा मिळविण्यास एवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. वाचकांनी ‘ब्लिट्झ’मध्ये पतीचे दुःख वाचले, न्यायमूर्तींनी दीड व चार-वीस यांमधील अंतर मोजले. कहाणीस नायक आणि खलनायक लागतात. न्यायास त्या दोघांचेही काम नसते, त्यास पुरावा लागतो. १९७३ साली नवी फौजदारी प्रक्रिया संहिता झाली, तीत ज्यूरीला स्थान उरले नाही.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विचार करावा असा भाग याच्या पुढे आहे. या प्रकरणात मुंबईतील पारशी समाजाचा मोठा भाग नानावटींच्या पाठीशी उभा राहिला, तर सिंधी समाजाची सहानुभूती अहुजांकडे होती. कावसजी जहांगीर सभागृहात नानावटींच्या समर्थनार्थ हजारोंची सभा झाली. एका खुनाच्या खटल्याला दोन समाजांच्या अब्रूचे स्वरूप आले. हे सांगताना त्या समाजांस नावे ठेवण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. आपल्यापैकी कोणी त्या जागी असता तर आपण याहून शहाणपणाने वागलो असतो, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आपला माणूस तो नायक आणि समोरचा तो खलनायक, हे ठरविण्यास ज्ञातिप्रेमाला क्षणही लागत नाही, आणि वृत्तपत्रांस ते पक्के ठाऊक असते.

त्या प्रकरणाचा शेवट मात्र वाखाणण्याजोगा झाला. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींस माफी दिली, आणि त्यापूर्वी अहुजांच्या भगिनीने आपली हरकत नसल्याचे लिहून दिले होते. ज्या कहाणीने तिच्या भावाची मेल्यानंतरही अप्रतिष्ठा केली, ती कहाणी तिने आपल्या बाजूने अशी मिटविली. नानावटी कुटुंबासह कॅनडात गेले व २००३ साली तेथेच वारले. पण वाचकांनी व प्रेक्षकांनी ती गोष्ट सोडली नाही. १९६३ पासून २०१६ पर्यंत तीवर चित्रपट निघतच राहिले. त्या घरात तीन मुलेही होती. आईबापांच्या आयुष्यातील अत्यंत वाईट दिवस साऱ्या देशाला पाठ असावा, हे त्या मुलांनी जन्मभर कसे सोसले असेल, याचा विचार तिकीट काढताना कोणाच्या मनात येतो?

आता दूरच्या गोष्टी सोडून घरची एक सांगतो. नाव व गाव सांगत नाही; सांगितले तर आज जे बोलतो आहोत तेच मोडल्यासारखे होईल. एका तालुक्याच्या गावी आम्ही शिक्षक असताना, आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ तेथील पतसंस्थेत लेखनिक होते. हिशेबात तफावत निघाली आणि दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात त्यांचे नाव, छायाचित्र व ‘गरिबांच्या घामाचा पैसा गिळला’ असा मथळा आला. खाली एका म्हाताऱ्या ठेवीदार बाईची करुण कहाणी होती. तीही खोटी नव्हती. त्या बाईचे पैसे खरोखरच अडकले होते. लेखनिकांचा मुलगा आमच्या आठवीच्या वर्गात होता. तो पंधरा दिवस शाळेत आला नाही; आला तो शेवटच्या बाकावर बसू लागला. त्याच्या बहिणीचा साखरपुडा झालेला होता. तीन आठवड्यांत निरोप आला की, मुलाकडची मंडळी आता उत्सुक नाहीत. दीड वर्षांनी चौकशी पुरी झाली. रक्कम दुसऱ्याच्या हातून गेली होती व लेखनिक निर्दोष होते. ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत, छायाचित्रावाचून आली. मुलाने ते कात्रण वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटविले होते. ज्याला त्याला ते दाखवावे असे त्या मुलास वाटे. पण विचारणारा कोणी नव्हता, कारण मथळा सर्वांनी वाचला होता आणि त्या चार ओळी कोणीच वाचल्या नव्हत्या.

वर्तमानपत्राने अन्याय केला, यात शंका नाही. पण ती सोयरीक वर्तमानपत्राने मोडली नाही. वर्तमानपत्रास त्या मुलीचे नावही ठाऊक नव्हते. ती मोडली आपल्यांतीलच एका घराने, आणि बाकीच्या घरांनी ‘बरे झाले, वेळीच कळले’ असे म्हटले. छापणाऱ्याने मथळा लिहिला. शिक्षा आपण दिली.

तेव्हा आपण करावे काय? वर्तमानपत्र वाचू नये असे आम्ही म्हणणार नाही. न वाचणारा समाज अडाणी राहतो, आणि अन्यायास वाचा फोडणारी पत्रे नसती तर कित्येक पापे झाकलेलीच राहिली असती. आम्ही वर्गात एक अभ्यास देत असू, तो घरोघर करून पाहण्याजोगा आहे. बातमीचे कात्रण द्यावे. बातमीदाराने जे स्वतः डोळ्यांनी पाहिले त्याखाली मुलांनी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारावी. कोणी नाव देऊन सांगितले त्याखाली निळी मारावी. ‘असे समजते’, ‘असे बोलले जाते’, ‘सूत्रांकडून कळते’ अशा वाक्यांखाली काहीच मारू नये. पुष्कळ कात्रणे जवळजवळ कोरीच राहत, आणि मुले चकित होत. अशा कोऱ्या मजकुरावर आपण सोयरिकी मोडतो, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही पाहावे.

दुसरी गोष्ट मोबाइलची. पूर्वी छापखाना एखाद्याच्या मालकीचा असे. आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे. आलेला मजकूर पुढे पाठविताना आपण वाचक राहत नाही, प्रकाशक होतो. विशेषतः अत्याचार झालेली स्त्री किंवा बालक यांची ओळख पटेल असे नाव अथवा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्या तरुणांनी पक्के ध्यानात ठेवावे. सहानुभूती दाखवावयाची म्हणून छायाचित्र फिरविणे ही सहानुभूती नव्हे.

तिसरी गोष्ट, कोणावर छापील अन्याय झाला तर हातपाय गाळून बसू नये. प्रथम संपादकास लेखी खुलासा पाठवावा. दाद न मिळाल्यास ठरलेल्या मुदतीत भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. १९७८ च्या कायद्यान्वये या परिषदेस दंड करण्याचा अधिकार नाही, ताकीद देण्याचा व निषेध नोंदविण्याचा आहे, आणि तोही वृत्तपत्रांपुरता. तथापि निर्दोष माणसाच्या हाती तसा एक कागद असणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या ज्ञातीत वकील आहेत, लिहिणारे आहेत. असा अर्ज लिहून देण्यास त्यांनी पुढे यावे.

शेवटची गोष्ट मंडळाच्या कार्यकारिणीपुढे नम्र सूचना म्हणून ठेवतो. आपल्यापैकी कोणाचे नाव वाईट कारणाने छापून आले तर आठ दिवसांच्या आत मंडळातील दोन वडीलधाऱ्या व्यक्तींनी, त्यांत एक स्त्री असावी, त्या घरी जावे. चौकशी करावयास नव्हे, आणि कैवार घ्यावयासही नव्हे. घरात चूल पेटते की नाही आणि मुले शाळेत जातात की नाही, एवढे पाहावयास जावे. न्यायालय अथवा चौकशी-अधिकारी निर्णय देईपर्यंत त्या घराशी ठरलेली सोयरीक, मुलांची शिष्यवृत्ती किंवा मंडळातील स्थान यांस धक्का लावू नये. मनुष्य दोषी ठरला तर ज्ञातीचा म्हणून त्यास पाठीशी घालू नये. निर्दोष ठरला तर आतल्या पानावरील त्या चार ओळी आपल्या वार्षिक अंकात पहिल्या पानावर छापाव्यात. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो आपल्या ज्ञातीबाहेरचा असला तरीही हाच नियम पाळावा. उरवणे यांनी जामीन भरताना ज्ञाती पाहिली नव्हती.

येथे बसलेल्या मुलामुलींपैकी उद्या कोणी पत्रकार होईल, कोणी वकील होईल. वाचक तर सर्वच होतील. त्यांच्याजवळ आमचे एकच मागणे आहे. पानावरचे छायाचित्र पाहून डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे; पण तो माणूस उद्या आपल्याच दुकानात, आपल्याच बसमध्ये भेटणार आहे, हे विसरू नये, आणि भेटला तर त्याला ओळख द्यावी.